दाराबाहेरचे अंगण



मंडळाच्या साठाव्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढावयाचे ठरले, त्या सभेत चिटणीसबाई मला म्हणाल्या, ‘‘तुम्ही सगळ्यांत जुन्या. तुम्ही शिवाजी पार्कचा इतिहास लिहा.’’ जुनी आहे हे मला मान्य करावेच लागेल. १९६४ च्या मे महिन्यात लग्न होऊन मी दादरला आले, तेव्हा मुंबईची शेवटची ट्राम बंद होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. परंतु जुनी असणे निराळे आणि इतिहास ठाऊक असणे निराळे. आपण ज्या मैदानाभोवती रोज फिरतो ते कोणी आखले, त्याला नाव कोणी दिले, हे मलाही कित्येक वर्षे माहीत नव्हते. म्हणून प्रथम थोडे वाचले, मग आमच्या सासूबाईंनी सांगितलेल्या गोष्टी आठवल्या आणि त्या दोहोंची सांगड घालून हा लेख आपल्यापुढे ठेवीत आहे.

आजच्या मुलींना सांगितले तर खरे वाटणार नाही, पण आपल्या ह्या मोकळ्या जागेचे मूळ प्लेगात आहे. १८९६ साली मांडवी भागात प्लेगाचा उपद्रव सुरू झाला आणि पाहता पाहता तो साऱ्या शहरात पसरला. माणसे गावोगाव पळाली. साथीची कारणे शोधू लागल्यावर सर्वांच्या डोळ्यांत भरली ती दाटी. एकेका अंधाऱ्या खोलीत आठ-दहा माणसे, दोन घरांमधून वारा जाईल एवढीही फट नाही, अशी त्या वेळच्या शहराची स्थिती होती. त्यावर उपाय म्हणून १८९८ साली सरकारने मुंबई शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्ती फोडून रुंद रस्ते काढावयाचे आणि शहराच्या उत्तरेस नवी वस्ती वसवावयाची, अशी दोन कामे त्याच्याकडे होती. पहिल्या कामात गरिबांची घरे पुष्कळ पडली आणि त्यांतल्या साऱ्यांना काही नवी मिळाली नाहीत, हेही येथे नमूद करावयास हवे. दुसऱ्या कामातून दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा आपला टापू आकारास आला.

त्याआधी येथे काय होते? माहीमच्या बाजूस नारळीच्या वाड्या, माटुंग्याकडे भातशेती, पलीकडे मिठागरे आणि खाजण. भंडारी ताडमाडांवर चढत, कोळी समुद्रावर जात, वाडीवाले भाजी पिकवीत. नकाशावर जी जागा ‘मोकळी’ म्हणून दाखवितात ती कोणाच्या तरी पोटापाण्याची असते; ही गोष्ट बागेतल्या बाकावर बसून आपण सहज विसरतो.

ट्रस्टाच्या योजना शतकाच्या आरंभीच कागदावर उतरल्या होत्या. परंतु जमिनी ताब्यात येऊन, भर पडून, रस्ते होऊन घरे उभी राहीपर्यंत वीस-पंचवीस वर्षे गेली. गिरगावात घरे आधी झाली आणि उरलेल्या जागेला रस्ता म्हणू लागले. येथे उलट झाले. रस्ते आधी, बागा आधी, घरे नंतर. रेल्वेच्या पूर्वेस मंचरजी जोशी ह्या पारशी गृहस्थांनी ट्रस्टाकडे खटपट करून मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी भूखंड मिळविले आणि त्या वसाहतीला लागून पाच बागांचा तो सुंदर चौक झाला. आज त्याला त्यांचेच नाव आहे. रुळांवरून पूर्व-पश्चिम जोडणारा टिळक पूल १९२५ सालचा. त्याच वर्षी आपले मैदान महापालिकेने लोकांसाठी खुले केले. तेव्हा त्याचे नाव ‘माहीम पार्क’ असे होते. पुढे १९३३ साली ट्रस्टही महापालिकेत विलीन झाला.

क्षेत्रफळ सुमारे २८ एकर. भोवतालच्या कट्ट्याची एक फेरी १ किलोमीटर आणि वर आणखी १७० मीटर होते. आपल्यापैकी ज्यांना डॉक्टरांनी रोज तीन किलोमीटर चालावयास सांगितले आहे, त्यांनी अडीच फेऱ्यांवर समाधान मानू नये, एवढी सूचना ह्या निमित्ताने करून ठेवते!

मैदानाभोवतीच्या इमारती मुख्यतः १९३० नंतरच्या. ही घरे चाळीहून निराळी होती. निखिल राव ह्या इतिहासकारांनी माटुंगा-दादरच्या ह्या घरांवर एक इंग्रजी ग्रंथ लिहिला असून तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या नावाचा अर्थ ‘घर आहे, पण बाग नाही’ असा होतो. ब्लॉकमध्ये राहावयास येणे म्हणजे काय, हे त्यांनी बारकाईने सांगितले आहे. त्यात एक मुद्दा असा की, चाळीत संडास सामाईक व बाहेर असे, तो ब्लॉकमध्ये घराच्या आत आला. वाचताना मला हसू आले, कारण आमच्या सासूबाई नेमके हेच सांगत. १९३७ साली त्या गिरगावच्या चाळीतून येथे आल्या. स्वतःचे न्हाणीघर, स्वतःचा नळ, दाराला आतून कडी. पहिले आठ दिवस त्यांना स्वर्ग दोन बोटे उरला. नवव्या दिवशी त्या रडल्या! चाळीत गॅलरी होती. तांदूळ निवडणे, वेणी घालणे, पोर आजारी पडले तर शेजारणीला हाक मारणे, सारे त्या गॅलरीत. ब्लॉकचे दार लावले की दिवसभर बोलावयास माणूस नाही. मग दुपारची भांडी आटोपून त्या मुलाला कडेवर घेत आणि समोरच्या मैदानात जाऊन बसत. तेथे तशाच आणखी दोघी-तिघी येत. चाळीतून आलेल्या ह्या बायकांची गॅलरी अशी मैदानात गेली. हे मला कोठल्याही ग्रंथात वाचावयास मिळाले नाही. पण आपल्या मंडळाची खरी सुरुवात तेथेच झाली असे माझे मत आहे, नोंदणी जरी पुढे कितीतरी वर्षांनी झाली तरी.

आता नावाविषयी. गेल्या महिन्यात मी मंडळातल्या अकराजणींना विचारले, ‘‘माहीम पार्कचे शिवाजी पार्क कोणी केले?’’ कोणी एका पुढाऱ्याचे नाव घेतले, कोणी दुसऱ्याचे. एक जण म्हणाली, ‘‘ते पहिल्यापासून तसेच असेल.’’ बरोबर उत्तर एकीनेही दिले नाही. हे काम एका स्त्रीचे आहे. तिचे नाव अवंतिकाबाई गोखले.

अवंतिकाबाईंचा जन्म १८८२ साली इंदूरला झाला. शुश्रूषेचे शिक्षण घेतलेल्या ह्या बाई इचलकरंजीच्या राणीसाहेबांबरोबर विलायतेसही जाऊन आल्या होत्या. १९१७ साली गांधीजींनी चंपारण्यातील खेड्यांत शाळा काढल्या, तेव्हा शिकविण्यासाठी मुंबईहून त्या पतीसह तेथे गेल्या. बिहारच्या खेड्यात, परक्या भाषेत, मुलांना अक्षरे आणि त्यांच्या आयांना स्वच्छता शिकवावयाची, असे ते काम होते. परत आल्यावर १९१८ साली त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले आणि त्याला लोकमान्य टिळकांनी प्रस्तावना दिली. त्याच वर्षी त्यांनी हिंद महिला समाजाची स्थापना केली. आपल्यासारखी मंडळे पुढे मुंबईत गल्लोगल्ली निघाली, त्यांच्या आधीच्या पिढीतले हे एक घर. १९२० नंतरच्या दशकात महापालिकेच्या सभागृहात स्त्रिया प्रथमच बसू लागल्या. सरोजिनी नायडू त्यांत होत्या, अवंतिकाबाईही होत्या. १९२७ साली शिवजन्माची त्रिशताब्दी साजरी होत असता त्यांनी माहीम पार्कला महाराजांचे नाव देण्याचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला.

येथे चाणाक्ष वाचकभगिनी विचारतील की, महाराजांचा जन्म तर १६३० चा, मग १९२७ साली त्रिशताब्दी कशी? शंका रास्त आहे. त्या काळी १६२७ हे जन्मवर्ष सर्वत्र रूढ होते. जेधे शकावलीसारखी साधने पुढे आल्यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला आणि अखेर १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख महाराष्ट्र शासनाने स्वीकारली. म्हणजे आजच्या हिशेबाने मैदानाचे बारसे तीन वर्षे आधी झाले. झाले ते बरेच झाले. २०२० साली महापालिकेने ह्या नावाचा विस्तार करून ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ असे केले.

ब्रिटिश राज्यात सार्वजनिक जागांना गव्हर्नरांची आणि राण्यांची नावे देण्याची चाल होती. भायखळ्याचा राणीचा बाग व्हिक्टोरिया राणीचा. पुढे त्याचेही नाव वीरमाता जिजाबाईंच्या नावे झाले. अशा काळात सभागृहात मूठभर स्त्रियांपैकी एकीने उठून हे नाव सुचवावयाचे, ह्याला काय लागत असेल ते आपल्यापैकी ज्यांनी सोसायटीच्या सभेत नुसता पाण्याच्या टाकीचा विषय काढून पाहिला आहे, त्या जाणतील. १९३० च्या कायदेभंगात अवंतिकाबाई तुरुंगात गेल्या. १९४९ साली त्या वारल्या.

आणि आता जी गोष्ट सांगावयाची आहे तिच्यासाठीच खरे म्हणजे मी हा लेख लिहावयास घेतला.

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला. ९ तारखेस पहाटे गांधीजी व इतर पुढारी पकडले गेले. त्या सकाळी अरुणा असफअलींनी गवालिया टँकवर झेंडा फडकावला, हे आपण शाळेत शिकतो. परंतु त्याच दिवशी संध्याकाळी गांधीजींची जाहीर सभा आपल्या शिवाजी पार्कवर व्हावयाची होती, हे किती जणींना माहीत आहे? गांधीजी तुरुंगात. तेव्हा कस्तुरबांनी कळविले की, सभा होईल आणि मी बोलेन. त्या सत्तरीच्या घरात होत्या, प्रकृती ठीक नव्हती. सभेसाठी त्या बिर्ला भवनातून निघाल्या, तेव्हा पोलिसांनी त्यांनाही पकडले.

इकडे मैदानात माणसे जमली होती. आमच्या सासूबाई तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. सासरे एका गिरणीच्या कचेरीत कारकून. त्यांनी सकाळी निघतानाच ‘आज घराबाहेर पाऊल टाकावयाचे नाही’ असे बजावले होते. सासूबाईंनी ‘हो’ म्हटले, मुलाला शेजारणीच्या ओटीत दिले आणि चारच्या सुमारास गेल्या. का गेलात, असे मी एकदा विचारले. म्हणाल्या, ‘‘गांधीजी बोलणार असते तर कदाचित गेले नसते. ती म्हातारी बाई बोलणार होती ना.’’ बायका पुष्कळ होत्या. सर्व जणी वाट पाहत उभ्या. कोणी आले नाही. मग एकाएकी गलका झाला, पोलीस आले, डोळ्यांना झोंबणारा धूर आला आणि लोक चहूकडे पळू लागले. सासूबाईंनी पदर भिजवावयास पाणी शोधले, ते कोठे मिळाले नाही. त्या घरी पोहोचल्या तेव्हा पायात एकच चप्पल होती. सासरे येण्यापूर्वी ती त्यांनी माळ्यावर ट्रंकेमागे टाकली. १९७१ साली घराला रंग देताना माळा रिकामा केला, तेव्हा ती चप्पल माझ्या हाती आली आणि ही सारी कहाणी मला कळली. सासरे तोवर वारले होते. सासूबाईंनी ती चप्पल हातात घेतली, झाडली आणि पुन्हा माळ्यावर ठेवावयास सांगितली.

कस्तुरबांना पुढे पुण्यास आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. १९१७ साली चंपारण्यात अवंतिकाबाई शिकवीत होत्या, तेव्हा त्याच कामासाठी कस्तुरबाही तेथील दुसऱ्या खेड्यात राहत होत्या. एकीने मैदानाला नाव दिले. दुसरीचे त्या मैदानावरचे भाषण राहून गेले.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास बहुतेकींच्या ओळखीचा आहे, म्हणून त्यात फार शिरत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांच्या सभा येथे झाल्या. १९६० साली राज्यस्थापनेचा सोहळाही येथे झाला. महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९६६ सालचा, लोकांच्या वर्गणीतून झालेला. त्याच वर्षी येथे शिवसेनेचे मेळावे सुरू झाले. क्रिकेटविषयी तर आपल्या घरचे पुरुष आपल्याला रोज सांगतातच. रमाकांत आचरेकर सरांनी ह्याच मातीत मुले घडविली. २०२४ च्या डिसेंबरात मैदानाजवळ त्यांचे स्मारक झाले. मला ह्या सगळ्या कथेत एक गोष्ट विशेष वाटते. सचिन तेंडुलकर वांद्र्याचा मुलगा. मैदान जवळ पडावे म्हणून तो येथे काका-काकूंच्या घरी राहिला. दुसऱ्याचे मूल चार वर्षे सांभाळावयाचे, त्याचे मळलेले कपडे, त्याच्या जेवणाच्या वेळा; त्या काकूंचे काम धावफलकावर कोठे मांडतात?

६ डिसेंबर हा आणखी एक दिवस. १९५६ साली त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निधन झाले आणि नंतर दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दर वर्षी विदर्भातून, मराठवाड्यातून, कोठून कोठून लोक चैत्यभूमीच्या दर्शनास येतात आणि शिवाजी पार्कवर मुक्काम करतात. मी नवी होते तेव्हा आमच्या इमारतीत त्या दिवसांत ‘गर्दी फार, बाहेर पडू नका’ असे म्हणण्याची पद्धत होती. मीही तसेच म्हणत असे. मग एका वर्षी औषध आणावयास निघाले आणि कट्ट्यावर माझ्या आईच्या वयाची एक बाई भाकरीची शिदोरी सोडून बसलेली दिसली. ती दोन दिवस प्रवास करून आली होती. शिदोरीशेजारी नवी घेतलेली चार पुस्तके होती. ‘‘वाचता येते का?’’ असे मी विचारले. मला आजही त्या प्रश्नाची लाज वाटते. ती म्हणाली, ‘‘मला नाही येत. नातीला येते.’’ त्यानंतर मी ‘गर्दी’ हा शब्द त्या दिवसासाठी वापरलेला नाही. पुढे आपल्यातल्या काही जणी त्या दिवशी पाणी घेऊन जाऊ लागल्या, हे मंडळाच्या वृत्तांतात कोठे नाही, म्हणून येथे लिहून ठेवते.

करमणूक म्हणाल तर बायकांची करमणूक येथे फार हळूहळू आली. मी आले तेव्हा मैदान मुलग्यांचे, कट्टा पुरुषांचा आणि आम्ही वाळूत खेळणाऱ्या पोरांच्या मागे. संध्याकाळी सातच्या आत घरी. बाई एकटी, हातात पिशवी नाही, बरोबर मूल नाही आणि नुसती चालते आहे, हे पाहिले की लोक ‘काय झाले?’ असे विचारीत. आपल्या मंडळाच्या चौघींनी पहाटे फिरावयाचे ठरविले, तेव्हा पहिले काही दिवस आम्ही दुधाच्या बाटल्यांची पिशवी बरोबर नेत होतो, कोणी विचारले तर सांगावयास कारण असावे म्हणून! नऊवारीतल्या एक, पाचवारीतल्या तीन, पायात मुलांचे कॅनव्हासचे बूट. कट्ट्यावरची टारगट मुले हसली. पुढे त्यांतल्याच एकाची आई पाचवी म्हणून आम्हांला येऊन मिळाली, तेव्हापासून हसणे बंद झाले.

मुलींचे खेळ मात्र समर्थ व्यायाम मंदिराने मनावर घेतले. ही संस्था मैदानाच्याच वयाची, १९२५ सालची. दोरीचा मल्लखांब मुलींना किती शोभतो ते तेथे पाहावे. पायाच्या अंगठ्यात दोरी धरून पोर सरसर वर जाते आणि वर जाऊन अधांतरी निजते! २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा ह्याच मैदानावर झाली, परदेशांतून मुलेमुली आली. तेथील प्रशिक्षक उदय देशपांडे ह्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली.

आता तक्रारीचे दोन शब्द लिहिले नाहीत तर मी दादरची कसली! २०१० साली उच्च न्यायालयाने मैदानाला शांतता क्षेत्र ठरविले. पुढे खेळाखेरीज इतर कामांना वर्षातून किती दिवस द्यावयाचे हेही ठरले. तरी ज्याला त्याला सभा, मेळावा, दिव्यांची आरास येथेच करावीशी वाटते. मला आवाजाचा त्रास होतो. पण १९४२ साली ज्या मैदानावर माणसे सभेला जमली, तेथे सभाच नको असे म्हणावयास माझी जीभ रेटत नाही. ह्या बाबतीत मंडळात दोन तट आहेत आणि मी दोन्हींकडे आहे. धुळीच्या बाबतीत मात्र एकच तट आहे. लाल माती टाकली, ती वाऱ्याबरोबर घरोघर आली. गच्चीतल्या पापडांवर, देवघरात, खोकणाऱ्या नातवंडांच्या छातीत. पावसाचे पाणी मुरविण्यासाठी विहिरी खणल्या, पाणी शिंपडणारे तुषार बसविले, हिरवळ लावून पाहिली. हिरवळ आली की खेळणारी मुले ती उखडतात आणि मुलांना खेळू नका असे सांगावयाचे नाही, असा हा तिढा आहे.

आणखी एक. मैदानावर चालणाऱ्या बाईला मध्येच घरी परतावे लागते, ते पाय दुखतात म्हणून नव्हे. स्वच्छ, उघडे आणि दिवा असलेले स्वच्छतागृह जवळ हवे, एवढीच आमची मागणी होती. अर्ज घेऊन आम्ही सहाजणी एका कचेरीत तीनदा गेलो. पहिल्या वेळी साहेब नव्हते, दुसऱ्या वेळी अर्ज नव्हता, तिसऱ्या वेळी साहेब व अर्ज दोन्ही होते, पण विषय दुसऱ्या खात्याचा निघाला. ब्लॉकमध्ये संडास घरात आला म्हणून सासूबाईंना १९३७ साली स्वर्ग वाटला होता. तो घराबाहेर पडणाऱ्या बायकांसाठी घराबाहेरही लागतो, हे कळावयास किती वर्षे लागावीत? चौथ्या फेरीसाठी नावे द्यावयाची आहेत. चिटणीसबाईंकडे वही ठेवली आहे.

माझी नात सध्या रोज सायंकाळी दोरीवर चढते. परवा तिला विचारले, ‘‘वरून काय दिसते ग?’’ ती म्हणाली, ‘‘आजी, समुद्र नाही दिसत. इमारती मध्ये येतात. पण तू कोणत्या फेरीला आहेस ते दिसते.’’